ओटीपी म्हणजे घराची किल्ली

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले. आज मुलांच्या शिष्यवृत्तीच्या अर्जालाही हा १२ अंकी क्रमांक लागतो. पण नुसत्या क्रमांकाने ओळख पटत नाही. आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. तो टाकला की अर्जदार खरा मानला जातो. तो एकदाच आणि थोडाच वेळ चालतो. म्हणून तो मोबाईल सोबत न्या. अर्जात नेटकॅफेवाल्याचा नंबर टाकू देऊ नका. किल्ली परक्याच्या हाती जाते. फोनवर कुणी ‘साहेब’ बनून ओटीपी मागितला, तर सांगू नका. जुना नंबर बंद असल्यास आधार केंद्रात जाऊन नवा जोडून घ्या. अडचण आल्यास १९४७ वर विचारा. मुलांच्या हक्काचा पैसा आहे, जपा!