असदुल्लाहची तलवार आणि प्रयोगशाळेची चावी

दर दोन-चार महिन्यांनी आमच्या मोहल्ल्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक तलवार येते. मजकूर ठरलेला: नॅनो तंत्रज्ञान मुसलमानांनी शोधलं, युरोपने चोरलं. परवा नववीतल्या एका मुलाने तो मजकूर वहीत उतरवून आणला. "सर, हे खरंय ना?"

अर्धं खरं आहे. 2006 साली ड्रेस्डेनच्या पीटर पाउफलर यांच्या गटाने 'नेचर'मध्ये लिहिलं, की सतराव्या शतकातल्या असदुल्लाह या कारागिराच्या दमिश्की तलवारीत कार्बनच्या नॅनोनळ्या सापडल्या. पण या तलवारींचं पोलाद, ज्याला वूट्झ म्हणतात, ते दख्खनमध्ये आणि दक्षिण हिंदुस्थानात बनत असे. भट्टी कुणाची, घण कुणाचा, हे कसं वेगळं काढणार? शिवाय असदुल्लाहला या नळ्या ठाऊकच नव्हत्या. त्याचा हात बसलेला होता, बस्स. पुढे ती कला लोपली. मला वाटतं, हे 'का' जमतं ते कुणी लिहून ठेवलं नाही, हेही त्याचं एक कारण असावं.

मग मी त्याला दुसरी गोष्ट सांगितली. केरळचे पुलिकल अजयन काशी हिंदू विद्यापीठात धातुशास्त्र शिकले. 2005 साली अमेरिकेतल्या रेन्सिलेर संस्थेत त्यांच्या गटाने या नळ्या थरावर थर वाढवल्या. तापलेल्या भट्टीत फेरोसीन आणि झायलीनची वाफ सोडायची. फेरोसीनमधल्या लोखंडाचे सूक्ष्म कण बियांसारखे काम करतात आणि नळ्या उभ्या वाढतात, भाताच्या रोपांसारख्या दाट. वाफ थांबवून पुन्हा सोडली, की नवा थर जुन्याच्या डोक्यावर चढत नाही. तो खालून उगवतो आणि जुन्याला वर उचलतो! उभ्या नळ्यांचा असा पापुद्रा मूळ जाडीच्या 15 टक्क्यांहून कमी होईपर्यंत दाबला, तरी सोडताच स्पंजासारखा वर येतो. हजारो वेळा दाबला तरी.

"खालून कसा, सर?" मुलाने विचारलं.

तलवार कुणाची, हे तो विसरला होता. मला त्याचा तो प्रश्न फॉरवर्डपेक्षा मोलाचा वाटतो. पण मी भाषेचा मास्तर, उत्तर अर्धवटच देऊ शकलो. आमच्या शाळेची प्रयोगशाळा वर्षभर कुलपात असते. प्रात्यक्षिकाचे गुण मात्र वेळेवर भरले जातात.

शनिवारी पालकसभा आहे. तलवार पाठवणारे बरेचजण तिथे असतील. त्यांना मी चावी मागायला उभं करणार आहे.