दर्या आणि दऱ्या

देवनागरीत मोठी अक्षरे आणि लहान अक्षरे असा भेद नाही. त्यामुळे संगणकाच्या गाभ्यात मोठ्या-लहान अक्षरांचे तक्ते कोठे ठेवावेत, एकत्र ठेवावेत की जागोजागी, हा वाद रोमन, ग्रीक किंवा रशियन लिपीत लिहिणाऱ्यांनी घालावा. आपल्याला त्याचे काय, असे कोणासही वाटेल. प्रस्तुत लेखकाचे मत नेमके उलट आहे. हा वाद आपलाही आहे, आणि आपण त्यात गैरहजर राहिलो तर त्याची किंमत आपल्या कारकुनांना आणि शिक्षकांना मोजावी लागेल.

प्रथम वस्तुस्थिती. लिनक्स या कार्यप्रणालीचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो आज सर्व्हरांत आहे, शाळांतील अनेक संगणकांत आहे आणि प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे. म्हणजे म्हसवडच्या बाजारपेठेत कोणाच्या खिशात डोकावले तरी तो बहुधा सापडेल. या गाभ्याची परंपरा अशी की फाइलचे नाव म्हणजे केवळ बाइटांची ओळ. तिचा अर्थ लावणे हे गाभ्याचे काम नव्हे. यूटीएफ-८ या १९९२ सालच्या पद्धतीने लिहिले असता 'म्हसवड' हे चार अक्षरांचे दिसणारे नाव सहा चिन्हांचे होते (म, हलन्त, ह, स, व, ड), आणि प्रत्येक चिन्हाला तीन याप्रमाणे अठरा बाइट लागतात. ईएक्सटी-४ या प्रचलित संचयपद्धतीत नावाला कमाल २५५ बाइटांची मर्यादा आहे. इंग्रजी लेखनिकाला त्यात २५५ अक्षरे मिळतात, मराठी लेखनिकाला ८५ चिन्हे. सरकारी परिपत्रकाचा संपूर्ण विषय फाइलीच्या नावात लिहिण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी 'नाव फार लांब आहे' हा निरोप कधी ना कधी वाचलेला असणार.

पण सर्वच संचयपद्धतींना ही अलिप्तता परवडत नाही. ज्या पद्धती विंडोजशी बोलतात, त्यांना दोन नावे 'सारखी' केव्हा मानायची हे ठरवावे लागते. असे ठरवणारे तक्ते गाभ्यात अनेक ठिकाणी वाढले. जाळ्यावरून फाइली मागणारा एसएमबीचा ग्राहकभाग, त्याच फाइली पुरवणारा २०२१ साली आलेला सेवकभाग आणि जेएफएस ही जुनी संचयपद्धती, या तिघांकडे जवळजवळ एकच तक्ता वेगवेगळ्या प्रतींत होता. २०२३ साली या प्रती मोडून तो मजकूर एका सामायिक जागी नेण्यात आला. हे काम ज्या संयमाने झाले तो मला विशेष वाटतो. वागणूक तसूभरही बदलणार नाही, ही पहिली अट. जेथे दोन प्रतींत बारीक फरक होता तेथे बळेच एकी केली नाही. जेएफएसच्या बाबतीत तर तपासणीची साधने अपुरी, म्हणून फक्त तक्ते सामायिक केले, भोवतालची कृती तशीच ठेवली. आपल्याकडील अनेक 'एकीकरणांना' हा धडा उपयोगी पडावा.

सामायिकतेच्या बाजूने बोलण्याचा मराठी माणसाइतका अधिकार क्वचितच कोणाला असेल. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने इस्की हे मानक जाहीर केले होते, आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोडमधील देवनागरीचा विभागही इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावर बेतलेला होता. तरीही पुढची पंधरा-वीस वर्षे छपाईच्या धंद्यात प्रत्येक फाँटाची संकेतरचना निराळी राहिली. एका छापखान्यात जुळवलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की अर्थहीन चिन्हांचा ढीग दिसे. त्या काळात जुळवलेले किती ग्रंथ, किती अहवाल आज पुन्हा टंकून घ्यावे लागत आहेत! प्रत्येकाने आपापला तक्ता बाळगला की काय होते, हे आपण भोगलेले आहे.

मात्र सामायिक तक्त्याला दुसरी बाजू आहे. तो चुकला तर सर्वांसाठी एकदम चुकतो. २०१९ साली लिनक्सच्या गाभ्यात युनिकोडचा एक सामायिक विभाग आला. ईएक्सटी-४ आणि पाठोपाठ एफटूएफएस या दोन्ही पद्धती त्याच्या आधारे, ज्या फोल्डरांवर तशी खूण केली आहे तेथे, नावे जुळवू लागल्या. अलीकडच्या अनेक अँड्रॉइड फोनांतील सामायिक साठा याच सोयीवर चालतो. नावे जुळवताना 'दुर्लक्षणीय' अदृश्य चिन्हे गाळावीत, असा नियम त्यात आहे. इंग्रजीला त्याने काही बिघडत नाही. मराठीचे बिघडते.

'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. 'आचार्याला' बोलावणे वेगळे आणि 'आचाऱ्याला' बोलावणे वेगळे. हा अर्धा र लिहिण्याचे संगणकात दोन मार्ग आहेत. एका मार्गात 'ऱ' आणि हलन्त. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. कळफलकाप्रमाणे यांपैकी कोणताही उमटतो, आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. आता वरील नियम लावून पाहा. दुसऱ्या मार्गाने लिहिलेल्या 'दऱ्या'तील जोडचिन्ह गळाले की उरते ते 'दर्या'. समुद्र आणि दरी एकाच नावाची ठरतात, आणि एक असताना दुसरे त्या फोल्डरात ठेवता येत नाही. उलट, चारा छावणीच्या काळात माण तालुक्यातील दोन लेखनिकांनी दोन कळफलकांवरून 'शेतकऱ्यांची यादी' हेच नाव दिले असे समजा; एकाच फोल्डरात त्या दोन निराळ्या फाइली होतील, आणि एकाचा शोध दुसऱ्याला सापडणार नाही. जे दोन शब्द भिन्न आहेत त्यांना एक मानणारा आणि जो शब्द एकच आहे त्याचे दोन करणारा हा न्याय आहे.

मग नियम बदलावा, हे सोपे उत्तर. २०२४ च्या अखेरीस तसा प्रयत्न झालाही. मराठीसाठी नव्हे, निराळ्या कारणांनी. पण ज्यांच्या नावांत अशी अदृश्य चिन्हे होती त्या जुन्या फाइली, विशेषतः हृदयासारख्या चित्रचिन्हांच्या, नव्या गाभ्याला सापडेनाशा झाल्या, कारण नावावरून काढलेला खूण-अंकच बदलला. काही आठवड्यांत बदल मागे घ्यावा लागला. सामायिक तक्ता एकदा वापरात आला की तो दगडावर कोरल्यासारखा होतो. म्हणून बोलायचे ते कोरण्यापूर्वी.

कोणी म्हणेल, गाभ्याने या भानगडीत पडूच नये. नाव म्हणजे बाइटांची ओळ, ही जुनी परंपराच बरी. मलाही ती आकर्षक वाटते. पण विंडोजशी आणि फोनांशी व्यवहार करायचा असेल तोवर तक्ते राहणारच. आणि राहणारच असतील तर पाच ठिकाणी पाच प्रकारे चुकण्यापेक्षा एका ठिकाणी चुकलेले बरे. तेथे निदान बोट ठेवता येते.

बोट ठेवण्याची आपली तयारी मात्र दिसत नाही. गाभ्याचा सगळा मजकूर उघडा आहे, दुरुस्त्या कोणीही सुचवू शकतो. त्यासाठी परवाना लागत नाही, तपासणीचे नमुने लागतात. असे नमुने तयार करणे हे मराठीच्या अध्यापकाचे काम आहे, अभियंत्याचे नंतर. १९९२ साली स्थापन झालेल्या राज्य मराठी विकास संस्थेने दर्या-दऱ्या, आचार्य-आचारी अशा दोनशे जोड्या दोन्ही मार्गांनी लिहून, कोणत्या एक मानाव्यात आणि कोणत्या नाही याच्या निर्णयासह, खुल्या स्वरूपात प्रसिद्ध कराव्यात. एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी आणि संगणक विभागांनी एकत्र बसले तर हे काम एका सत्रात होईल.