बारामतीत बसून अठराव्या शतकातल्या इंग्रजी साहित्यावर संशोधन करता येतं का?

‘संगीत संशयकल्लोळ’मधल्या फाल्गुनरावाचं मूळ लंडनमध्ये आहे. गोविंद बल्लाळ देवलांनी आधार घेतला तो आर्थर मर्फी यांच्या ‘ऑल इन द राँग’ या १७६१ सालच्या नाटकाचा. मर्फींनी ते मोलिएरवरून घेतलं होतं, म्हणजे संशय मुळात फ्रेंच!

हे आत्ता का सांगायचं? नव्या शैक्षणिक धोरणामुळे २०२३-२४ पासून राज्यात एम.ए.ला संशोधन प्रकल्प सक्तीचा झालाय. तिसऱ्या सत्रात ४ क्रेडिट, चौथ्यात ६. त्यामुळे बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयात इंग्रजीत एम.ए. करणाऱ्यालाही विषय शोधावा लागतो. इंदापूर भागातून येणाऱ्यालाही तेच.

अठरावं शतक निवडलं तर पहिली अडचण पैशांची. त्या काळातली १ लाख ८० हजारांहून जास्त छापील पुस्तकं ‘एटीन्थ सेंच्युरी कलेक्शन्स ऑनलाइन’मध्ये आहेत, पण ती वाचायला संस्थेला वर्गणी भरावी लागते. केंद्राच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’चा पहिला टप्पा सरकारी संस्थांसाठी आहे आणि त्यात मिळतात नियतकालिकं, जुनी पुस्तकं नाहीत. पुणं तर शंभरेक किलोमीटर लांब.

पण लंडनमधला अभ्यासक जिथे अडतो, तिथे बारामतीचा विद्यार्थी पुढे जाऊ शकतो. मर्फींच्या नाटकातली बेलिंडा घरंदाज बापाची मुलगी. देवलांनी तिची रेवती केली आणि तिला नायकिणीच्या घरात जन्माला घातलं. त्यामुळे अश्विनशेठचा संशय आणि त्यांचं लग्न, दोन्हींचा अर्थच बदलतो. का केलं असेल? ‘शारदा’ लिहिणाऱ्या नाटककाराबद्दल हा प्रश्न साधा नाही, आणि तो सोडवायला मराठी यावंच लागतं. पात्रांना नक्षत्रांची नावं का, हा आणखी एक गमतीचा धागा.

डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांची ‘रासेलस’ ही १७५९ची कादंबरी. तिचं मराठी भाषांतर कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी सुरू केलं, विष्णुशास्त्रींनी पुरं केलं आणि ते १८७३ला छापलं गेलं. विष्णुशास्त्रींनी ‘निबंधमाले’त जॉन्सनवर लांबलचक लिहिलंही.

मर्फी आणि जॉन्सन यांच्या मूळ पुस्तकांवर आता कुणाचा हक्क नाही, ती मोबाइलवर फुकट वाचता येतात. एक काळजी घ्यायची. जुन्या छपाईत लांब ‘एस’ हे अक्षर ‘एफ’सारखं दिसतं, त्यामुळे स्कॅन केलेल्या मजकुरात शब्द शोधताना तो सापडला नाही, तरी पानावर असू शकतो.