साठ रुपयांच्या बांगड्या आणि आपली अब्रू

मी उर्दू आणि मराठी शिकवते. बी.एड. करून नोकरीला लागले त्याला वीस वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत मुलींना खूप काही सांगितलं. त्यातलं बहुतेक बरोबरच असावं. एक गोष्ट मात्र मी चुकीची सांगितली. आज त्याबद्दल लिहायचं आहे.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. नाव लिहीत नाही. हिंगोलीत बी.ए. करते, संध्याकाळी मोहल्ल्यातल्या लहान मुलांच्या शिकवण्या घेते, सुट्टीत ब्लाउज आणि फ्रॉक शिवते. वडील हळदीच्या हंगामात हमाली करतात. तिच्या मोबाइलवर रोज एखादं स्टेटस असायचं. आपल्याकडे बहुतेकांच्या स्टेटसवर सकाळी सुविचार असतो, शुक्रवारी जुम्मा मुबारक असतो. हिचं तसं नव्हतं. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात तिने एका गाडीवरून डझनभर बांगड्या घेतल्या, त्यांचा फोटो होता. खाली लिहिलं होतं, "गाडीवाला शंभर म्हणाला, मी चाळीसपासून सुरुवात केली, साठवर तुटलं. अम्मी म्हणते पन्नासला दिल्या असत्या." दसऱ्याच्या प्रदर्शनातून आणलेलं लिंबू पिळायचं यंत्र होतं, ते दुसऱ्याच दिवशी मोडलं, त्याचंही स्टेटस होतं. पावसाळ्यात सिद्धेश्वर धरणाचे दरवाजे उघडले तेव्हा ती, तिची अम्मी, धाकटी बहीण आणि शेजारची खाला असे चौघीजणी बघायला गेल्या. त्या दिवशी एसटीच्या खिडकीतून दिसणारं सोयाबीनचं रान, भाजलेला बुट्टा धरलेला हात आणि पाण्याकडे पाठमोरी उभी असलेली अम्मी, असे तीन फोटो होते. तिचा स्वतःचा चेहरा एकाही फोटोत नव्हता.

मला ते स्टेटस बघायला आवडायचं. शाळेतून घरी आल्यावर चहा पिताना मी बघायची आणि हसायची. हे मी तिला कधी सांगितलं नाही.

मग एक दिवस तिची अम्मी माझ्याकडे आली. म्हणाली, "टीचर, लोगां बातां कर रहे. रिश्तेवालों ने भी देखे बोलते. लड़की बहोत घूमती, बहोत खर्चा करती, ऐसा बोले. तुम समझाओ, तुम्हारी सुनती वो."

स्थळ परभणीकडचं होतं. मुलाकडच्या कुणीतरी कुणाच्यातरी मोबाइलवर ते स्टेटस बघितलं आणि 'मुलगी फार मोकळी दिसते' असा निरोप पाठवला. मी मुलीला फोन केला. शिक्षिका ज्या आवाजात बोलतात त्या आवाजात म्हणाले, "बेटा, हे सगळं जगाला दाखवायची काय गरज आहे? काढून टाक. अभ्यासावर लक्ष दे." ती एवढंच म्हणाली, "हौ टीचर." पाच मिनिटांनी तिने मेसेज केला, "निकाल दी." तिने वाद घातला असता तर बरं झालं असतं, असं मला नंतर फार वाटलं.

त्यानंतर कित्येक महिने तिचं स्टेटस रिकामं राहिलं. ते स्थळही पुढे गेलं नाही. त्यांना दुसरीकडे पटलं.

मला हे कदाचित विसरायलाही झालं असतं. पण एके दिवशी नववीच्या वर्गात मी निबंध दिला, 'माझा सुट्टीचा दिवस'. मुलांनी भरभरून लिहिलं. कुणी कयाधू नदीच्या पात्रात क्रिकेट खेळला होता, कुणी मामासोबत मोटारसायकलवर नांदेडला जाऊन आला होता. मुलींच्या वह्या उघडल्या तर एकीसारखी दुसरी. सकाळी उठले, नमाज पढले, भांडी घासली, कपडे धुतले, अम्मीला मदत केली, अभ्यास केला, झोपले. काम करण्यात कमीपणा नाही, मीही केलं आहे. पण पंधरा वर्षांच्या वीस-बावीस मुलींच्या रविवारात आवडलेली अशी एकही गोष्ट नसावी? मी वर्गात तसं विचारलं. मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "टीचर, मजा केली असं लिहिलं तर चालतं का?"

हा प्रश्न तिला का पडला, याचं उत्तर मला माहीत होतं. मीच तर फोनवर ते दिलं होतं.

आता थोडं आपल्या घरातल्या पुरुषांकडे बघू या. कुणावर राग नाही, पण नोंद तर घ्यावी लागेल. ज्या चच्चांनी या मुलीच्या धरणावरच्या फोटोंची चर्चा सुरू केली, ते स्वतः मित्रांसोबत इसापूर धरणावर बिर्याणीची देग घेऊन गेले होते आणि त्याचे अकरा फोटो त्यांच्या स्टेटसवर होते. त्यांना कुणी मोकळे म्हटलं नाही. मुलगा नवी मोटारसायकल घेतो, तिच्यासोबत फोटो टाकतो, आपण 'माशाअल्लाह' लिहितो. मुलगी साठ रुपयांच्या बांगड्या दाखवते, तर घराची अब्रू धोक्यात येते. खर्चाचीच चिंता असेल तर आपल्या लग्नांमधल्या जेवणावळी, मंडप आणि गाड्यांचा हिशोब आधी मांडू. इसराफ म्हणजे उधळपट्टी, ती दीनमध्ये मना आहे हे खरंच आहे. पण कर्ज काढून केलेल्या वलीम्याला आपण इज्जत म्हणतो आणि स्वतः शिवणकाम करून कमावलेल्या साठ रुपयांना उधळपट्टी म्हणतो. हा हिशोब कुठल्या किताबात बसतो?

या सगळ्या गोंधळात मला अतिया फैजी आठवली. उर्दू शिकलेल्या बहुतेकांना हे नाव इक्बाल यांच्या पत्रांमुळे माहीत असतं. पण तिची स्वतःची एक वेगळी गोष्ट आहे आणि ती आपल्या महाराष्ट्राची आहे. अतिया मुंबईच्या तैयबजी खानदानातली. तिची बहीण नाजली ही जंजिऱ्याच्या नवाबांची बेगम. मुरूडला सहलीला जाऊन आपण जो किल्ला बघतो, ते हेच संस्थान. अतिया १९०६ साली शिष्यवृत्ती घेऊन लंडनला गेली. कशासाठी? शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला. आजच्या भाषेत बी.एड.च म्हणा. तेव्हा ती तिशीच्या उंबरठ्यावर होती आणि तिचं लग्न झालेलं नव्हतं.

तिथून ती बहिणींना रोजनिशी लिहून पाठवायची. आज कुठे फिरले, कुणाकडे जेवले, काय पाहिलं, कोण कसे कपडे घालून आलं होतं, काय आवडलं, काय आवडलं नाही. ही रोजनिशी लाहोरच्या 'तहजीब-ए-निसवां' या बायकांच्या उर्दू साप्ताहिकात छापून आली आणि १९२१ मध्ये 'जमाना-ए-तहसील' या नावाने तिचं पुस्तक झालं. अतिया तो अभ्यासक्रम पूर्ण न करताच १९०७ मध्ये परत आली. म्हणजे शिक्षिकेचं प्रमाणपत्र काही मिळालं नाही, पण रोजनिशी राहिली. मुसलमान बाईने एकटीने परदेशात शिकणं कसं असतं हे शंभर वर्षांनंतर अभ्यासक तिच्या त्याच 'किरकोळ' नोंदींमधून शोधतात. नाजली बेगमनेही १९०८ मध्ये युरोपची सफर केली आणि तिची रोजनिशी 'सैर-ए-युरोप' नावाने उर्दूत छापली गेली.

ज्या साप्ताहिकात अतियाने लिहिलं, ते १८९८ मध्ये सुरू झालं होतं. मुहम्मदी बेगम त्याच्या संपादक होत्या आणि त्यांचे पती मौलवी मुमताज अली सोबतीला होते. सुरुवातीला त्यांना शिव्यांनी भरलेली पत्रं आली. शरीफ घरातल्या बायकांची नावं छापायची म्हणजे काय, अशी ओरड झाली. तरी त्यांनी साप्ताहिक चालू ठेवलं. आज आपण त्या साप्ताहिकाचं नाव अभिमानाने घेतो आणि मोहल्ल्यातल्या मुलीचं स्टेटस बंद करतो.

कुणी म्हणेल, अतिया श्रीमंत घरची होती, तिची बरोबरी कशाला? खरं आहे, ती श्रीमंत होती. आमच्या मुलीला लंडन नाही, सिद्धेश्वर आहे. बोट नाही, एसटी आहे, तीही १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्ध्या तिकिटात मिळते म्हणून. पण मग प्रश्न असा उरतो, की श्रीमंताच्या मुलीने फिरून आल्यावर लिहिलं तर ते सफरनामा, आणि हमालाच्या मुलीने लिहिलं तर ते चाळे, असं का? मराठीच्या तासाला आम्ही लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' हे मोठं साहित्य आहे असं शिकवतो. त्यात घरातल्या फजित्या, स्वयंपाक, खर्च, रुसवेफुगवे हेच तर भरलेलं आहे. तेच आपल्या घरातली मुलगी सांगायला लागली की आपल्याला ते फालतू वाटतं.

दुसरी बाजूही मला दिसते, मी आंधळी नाही. मुलींचे फोटो उचलून त्यांचा गैरवापर होतो. मोबाइलवर दिवसभर जाहिराती दिसतात आणि गरज नसलेल्या वस्तू गरजेच्या वाटायला लागतात. दुसऱ्याचं बघून आपलं घर कमी वाटायला लागतं. हे सगळं मुलींना सांगायलाच हवं, आणि तितकंच मुलांनाही. स्टेटस कुणाला दिसेल ते ठरवता येतं, ते शिकवावं. कुठे जातेस ते लगेच टाकू नको, परत आल्यावर टाक, हे सांगावं. पण मी तसं काही सांगितलं नव्हतं. मी 'सांभाळून कर' म्हटलं नाही, मी 'करू नको' म्हटलं. ही चिंता नव्हती, हा लोकांचा धाक होता. तो मी माझ्या तोंडून तिच्यापर्यंत पोहोचवला.

दीनचं नाव घेऊन मुलींच्या हसण्यावर पहारा ठेवणाऱ्यांना एक हदीस आठवून द्यावीशी वाटते, ती बुखारी शरीफमध्ये आहे. ईदच्या दिवशी मशिदीत हबशी लोक भाल्यांचे खेळ करत होते. हजरत आयेशा (रजि.) यांना ते बघायचे होते. पैगंबर (स.) त्यांना आडोसा देऊन उभे राहिले आणि त्यांचं मन भरेपर्यंत उभेच राहिले. तरुण मुलीला खेळ-तमाशाची किती हौस असते याचा विचार करा, असं स्वतः हजरत आयेशांनीच नंतर सांगितलं आहे. आपण मिलादच्या भाषणात सुन्नतवर तासभर बोलतो. मुलीचं मन भरेपर्यंत उभं राहणं हीसुद्धा सुन्नतच आहे, हे मात्र कुणी सांगत नाही.

गेल्या महिन्यात मी तिच्या घरी गेले. शिलाई मशीनवर बसली होती. मी तिला म्हणाले, "बेटा, त्या वेळी मी चुकीचं सांगितलं. मला तुझं स्टेटस आवडायचं." ती जरा गोंधळली. तिची अम्मी म्हणाली, "जाने दो टीचर, हो गई बात." मी विचारलं, धरणाचे ते फोटो आहेत का? ती म्हणाली, "नहीं टीचर. तुम बोले तो मोबाइल में से भी निकाल दी थी."

पाठमोऱ्या अम्मीचा तो फोटो आता कुठेच नाही. तिच्या अम्मीचा बाहेर कुठे काढलेला तो एकच फोटो होता, हे मला तेव्हा कळलं.

माफी मागितली म्हणून तो फोटो परत येत नाही. तिनेही लगेच स्टेटस टाकायला सुरुवात केली, असं काही झालेलं नाही. परवा फक्त एकदा दिसलं. निळ्या कपड्यावर घातलेली पिवळी गोट होती आणि खाली लिहिलं होतं, "कापड ११० रुपये मीटर, नांदेडहून." मी लगेच उत्तर लिहिलं, "फार सुंदर. माझ्यासाठीही असं शिवशील का?"

वाचकहो, तुमच्या घरात मुलगी, बहीण किंवा सून असेल तर आज जेवताना तिला एक विचारा, 'आज तुला काय आवडलं?' ती आधी 'काही नाही' म्हणेल. उद्या परत विचारा. ती बांगड्यांबद्दल बोलेल, नव्या दुकानाबद्दल बोलेल, मैत्रिणीसोबत खाल्लेल्या पाणीपुरीबद्दल बोलेल. तेव्हा किंमत किती, कुणासोबत गेली होतीस, हे लगेच विचारू नका. आधी ऐकून घ्या. नववीच्या त्या मुलीला मी वर्गात उत्तर दिलं आहे, की मजा केली असं लिहिलेलं चालतं. घरी तिला काय उत्तर मिळतं, ते आता तुमच्यावर आहे.