रात्री एक ते चार कुठे जायचं?

माननीय आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका यांस,


शेवटची लोकल रात्री एकच्या सुमारास जाते, पहिली चारनंतर सुटते. मधले तीन तास मुंबईतल्या बेघर तरुणांना सगळ्यात जड जातात. फलाटावरून पोलीस उठवतात, दुकानाच्या पायरीवरून वॉचमन हाकलतो, पुलाखाली जावं तर जाळी ठोकलेली.

ही मुलं रिकामटेकडी नाहीत. लग्नाच्या हॉलमध्ये ताटं उचलणारा, बाजारात हातगाडी ओढणारा, नाक्यावर बिगारीसाठी उभा राहणारा विशी-बाविशीतला मुलगा काम मिळेल तिकडे सरकत राहतो. रात्री सॅकचा पट्टा मनगटाला गुंडाळून, मोबाइल बनियनच्या आत ठेवून आडवा होतो. महापालिकेच्या अतिक्रमण पथकाच्या गाडीत बिछान्याबरोबर सॅक गेली की आधार कार्डही गेलं. नवीन काढताना पत्ता कुठला सांगायचा? मुलींची रात्र तर याहून भीतीची.

फुटपाथवर माणूस राहतो तो काम जवळ असतं म्हणून, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच ओल्गा टेलिस खटल्यात मान्य केलं. त्या खटल्यात प्रतिवादी मुंबई महापालिकाच होती.

पुढे २०१० मध्ये याच न्यायालयाने शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक, बारमाही आणि चोवीस तास उघडा निवारा हवा असं बजावलं. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख, म्हणजे सव्वाशेच्या घरात निवारे हवेत. त्याच जनगणनेत बेघर भरले सुमारे ५७ हजार. निवाऱ्यांच्या सव्वाशेच्या आकड्याजवळही महापालिका पोचलेली नाही. जे निवारे आहेत, त्यांतले बरेच १८ वर्षांखालच्या मुलांसाठी. अठरावा वाढदिवस झाला की तिथली खाट सुटते. बालन्याय कायद्यात २१ वर्षांपर्यंत पाठबळाची सोय आहे खरी, पण ती बालगृहातून बाहेर पडणाऱ्यांसाठी. फलाटावरच वाढलेल्याच्या वाट्याला ती येत नाही.

आयुक्त महोदय, शहराच्या टोकाला पडून असलेल्या इमारतीत निवारा काढला, तर रात्री बाराला दादरमध्ये हात धुणारा वाढपी तिथे पोचणार कसा? सीएसएमटी, दादर, कुर्ला, वांद्रे अशा स्थानकांलगत १८ ते २५ वयाच्या मुलांसाठी आणि मुलींसाठी वेगवेगळे निवारे काढा. तिथे कुलूपबंद कप्पा द्या, फुकट अंघोळ द्या आणि कागदपत्रांवर निवाऱ्याचा पत्ता लावायची मुभा द्या. तोवर निदान पथकांना लेखी आदेश काढा, की झोपलेल्या माणसाची सॅक गाडीत टाकायची नाही. त्या आदेशाला एका रुपयाचीही तरतूद लागत नाही.