पाठीशी वारा

इटलीच्या गार्दा सरोवराकाठी सायकल आणि तंबू घेऊन एकटेच निघणार असाल, तर आधी वाऱ्याशी ओळख करून घ्या. उन्हाळ्यातल्या निरभ्र दिवशी सकाळी उत्तरेचा ‘पेलेर’ वाहतो, दुपारी दक्षिणेचा ‘ओरा’. म्हणून मुक्काम उत्तर टोकाला, तोर्बोलेच्या तंबूतळावर करावा. सकाळी पेलेर पाठीशी घेऊन माल्चेसिने गाठावे, दुपारी ओराबरोबर परतावे. १७८६ मध्ये वारा उलटल्यानेच जर्मन महाकवी गटे यांची होडी माल्चेसिनेला लागली. ते किल्ल्याचे चित्र काढू लागले, तर लोकांना हेरच वाटले! वाटेतल्या बोगद्यांत मात्र दिवा आणि चमकते जाकीट हवेच. एकट्याच्या मदतीला दुसरे कोणी नसते. वेळ साधली, तर वारा असतो.