सायकलची वाट आणि अचौर्यव्रत

पुणे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. कचेरीतला कारकून, महाविद्यालयीन विद्यार्थी, पेठेतील दुकानाचा गुमास्ता असे सारे सायकलवरूनच ये-जा करीत. पुढे स्वयंचलित वाहने वाढली आणि सायकलस्वार कडेला रेटला गेला. त्याला सुरक्षित वाट मिळावी म्हणून पुणे महापालिकेने २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. काही रस्त्यांवर पदपथालगत स्वतंत्र सायकलमार्गही झाले.

परंतु या मार्गांवर ठिकठिकाणी दिसतात त्या उभ्या केलेल्या गाड्या आणि दुकानापुढे मांडलेला माल. मग कामावर निघालेल्या सायकलस्वाराला भरधाव वाहनांमध्ये उतरावे लागते.

अचौर्य हे श्रावकाचे तिसरे अणुव्रत. जे दिलेले नाही ते घेणे म्हणजे अदत्तादान. दुसऱ्यासाठी राखलेली वाट अडविणे हे त्याहून कितीसे निराळे? त्यातून कोणी जायबंदी झाला, तर पहिल्या अहिंसाव्रतालाही बाधा येते.

दुकान उघडताना व्यापाऱ्याने पायरीपुढील वाटही पाहावी. ती मोकळी राहिली, तर सायकलवरून येणारा त्याचाच नोकर सुखरूप पोहोचेल.